नळ

होटगी रोडला नवा पब निघाला,
लक्ष्मीपती येमूल आणि मी गेलो शनिवारी,
शर्टाला इस्त्री करून.
शहरातले बाकीचे सगळे आमचे पाठ:
स्टेशनजवळचं ते परमिट रूम, शेंगाचटणी फुकट, पंखा मुका,
अन् सात रस्त्याचं, जिथला वेटर
बिलाआधी घरच्यांची खुशाली विचारतो.

इथं भिंतीवर काचेच्या पेटीत धोटा.
खाली छोटा पिवळा दिवा.
लक्ष्मीपती जरा वेळ उभाच राहिला.
"आमच्या बापानं चाळीस वर्षं फेकला बे हा.
अंधारातच."

काउंटरमागं पितळी नळ, ओळीनं आठ.
पोरगा सांगतो, ही गव्हाची, ही कॉफीची,
ही मंगळवेढ्याच्या ज्वारीची.
म्हणजे भाकरी प्यायची आता.
हसलो, पण घेतली तीच.
विझल्या आगटीचा वास, हुरडा संपल्यावरचा,
मागून आंबट काहीतरी.
"शिंदी," तो म्हणाला. "आजोबाचं मडकं."
मला ते माहीत नाही.

दुसरा ग्लास अर्धा, तेवढ्यात फोन.
पाणी आलंय.
पाचव्या दिवशी यायचं ते चौथ्याच दिवशी,
रात्री सव्वाअकराला.
उठता उठता त्यानं आठही नळ बघून घेतले.
"हे कधी जातच नाहीत का बे?"
"टँकर येतो सर."

गल्लीभर मोटारी घुरघुरत होत्या.
इस्त्रीच्या शर्टात पाइप धरून
त्यानं पहिली बादली भरली, जी ओतूनच द्यायची असते.
खांबाच्या दिव्याखाली तिरकी केली,
रंग बघितला,
फेस बघितला,
"गव्हाची," म्हणाला.