डबा

भुसावळच्या दुकानात साडेसहाशेला खोका मिळाला,
वर छापलेलं: नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळ.
म्हटलं, मला एकच हवाय.
दुकानदार म्हणाला, मॅडम, बाकीचे फुकट समजा.

रात्रपाळी उतरून सकाळच्या एसटीने सावद्याला आले,
गणवेशातच टीव्हीमागे शिरले.
पिवळी पिन पिवळ्यात, पांढरी पांढऱ्यात,
टीव्हीचं लाल भोक रिकामंच राहिलं.
रिमोटचं एक बटण माझ्याच नेलपॉलिशने रंगवलं.
हातात धरायच्या यंत्राला आठ बटणं,
चारांवर वॉर्डातली चिकटपट्टी, दोन-दोन पदर.
उरलं: सुरू, डावं, उजवं, फिरव.
वेग सगळ्यात कमी. आवाज दोनवर.
अकरा मिनिटं लागली.
सलाईनला कधी याहून जास्त लागतात,
म्हाताऱ्यांची शीर सापडत नाही.

दादा खाटेवरून बघत होते.
"हे कायले वं, कोकिळे?"
"बोटांसाठी. डॉक्टर म्हणाले."
"मी काय पोऱ्या हाये?"

डावा हात मांडीवर, दुसऱ्या कुणी विसरून गेल्यासारखा.
फेब्रुवारीपासून तसाच.

पहिली वीट पडली. दुसरी पडली.
तिसरीला त्यांनी मान तिरपी केली,
आणि ही मान मी ओळखते.

निंभोऱ्याच्या मालधक्क्यावर मी डबा घेऊन जायचे
तेव्हा ते दुसऱ्याच डब्याच्या दारात असायचे.
एकवीस हमाल, प्रत्येकाच्या खांद्यावर केळीचा चीक
सोड्यालाही न जाणारा, आणि तोताराम मुकादम
मान तिरपी करून, हाताने हवेत घड फिरवत:
आडवा घे! देठ भिंतीकडे! पत्ती घाल मधात!
दिल्लीपर्यंत हालला नाही पाहिजे.
माझी पोळी गार व्हायची. ते बघायचेही नाहीत.

खालची ओळ भरली,
लुकलुकली,
नाहीशी झाली.

दादा ताठ बसले.
"कुठी गेली?"
"भरली की जाते, दादा. तेच तर करायचं."
"जाते म्हंजे? सही कोनं केली?"
मी गुणांचं सांगितलं, वर कोपऱ्यात आकडे दिसतात ते.
"मले गुन नको. माल दाखव."

त्या दिवसापासून ते ओळ पूर्ण होऊ देत नाहीत.
प्रत्येक थरात एक जागा मोकळी,
बोटभर, कधी या कडेला, कधी त्या.
मी म्हणाले, असं नसतं खेळायचं.
"मालाले हवा नको का? बंद केला
त मथुरेलेच पिकीन सारा."

थर चढत जातात.
विटा छताला टेकतात, संगीत अडखळतं,
पडद्यावर इंग्रजीत तुम्ही हरलात असं काहीतरी येतं
आणि दादा मागे रेलून म्हणतात,
"भरला."
मग चहा मागतात.

फिजिओथेरपीची पोरगी फोनवर विचारते, स्कोअर किती होतो?
शून्य, मी सांगते.
रोज?
रोज. दिवसाला नऊ-दहा डबे जातात.
ती गप्प होते. तिला वाटत असेल, यांच्या डोक्यावरही...
मी खुलासा करत नाही.
डाव्या अंगठ्याखालची चिकटपट्टी सुटत आलीय
हे मात्र मी पाहिलंय,
आणि नवी लावलेली नाही.

परवा पुन्हा रात्रपाळीहून आले.
उन्हं ओट्यावर, शेजारच्या बाया पापड घालत होत्या.
आत पडद्यावर विटा अगदी वरपर्यंत,
हवेच्या फटी तेवढ्या काळ्या.
दादांनी माझ्याकडे न बघताच विचारलं,
"घंटा झाली का?"
झाली, मी म्हणाले. का म्हणाले, कोण जाणे.
"मंग दार लाव."

पिशवी हातात तशीच.
कुठलं दार, ते विचारलं नाही.
घराचं लावलं.