बोझेनाची टाकी

कॉडच्या मांसात अळी असते,
वेटोळं घातलेल्या दोऱ्याएवढी.
ती दिसावी म्हणून टेबलाखालून उजेड सोडतात
आणि मी तीस वर्षं त्या उजेडावर
एकेक तुकडा पसरून बघते आहे.
चिमटा, अळी, वाटी.
चिमटा, अळी, वाटी.
पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात.
मी तर पगार घेऊन करते.

बोझेना शेजारी उभी असायची, पोलंडातल्या सुवाल्कीची.
एकदा दहाच्या सुट्टीत तिनं माझा फोन ओढून घेतला.
म्हणाली, हाल्बेरा, तुला जिवंत मासे दाखवते.
निळं पाणी. तळाशी एक अंडं.
बोट ठेव, म्हणाली, ऊब दे त्याला.
माझं बोट इतकं गार
की काचेला ते बोटच वाटेना.
मग मी नाक टेकवलं.
अख्खं कॅन्टीन हसलं,
आणि अंडं फुटलं.

अजून नाकानंच खेळते.
काचेवर एक तेलकट ठिपका राहतो,
माशांना तो चंद्र वाटत असेल.
लिंबूशेपट्या, शाईपंखी, झोपाळू तांबडा,
आणि तो एक, जो फक्त उलटा पोहतो.
कुणी मरत नाही तिथे.
तीन दिवस गेलं नाही, तर रुसून दगडामागे बसतात,
चार दाणे टाकले की येतात बाहेर,
जरा तोंड फुगवून, पण येतात.
आमच्या घरात एवढ्यावर कधीच कुणी आलं नाही.

यादीत दोनशे चाळीस जाती आहेत.
कॉड नाही.
मी कंपनीला कळवलं.
त्यांनी आभार मानून एक शंख पाठवला.
शेवटी सगळ्यात स्वस्त, राखाडी,
कुणी न घेणारा मासा मी बारा मोत्यांना घेतला
आणि त्याचं नाव कॉड ठेवलं.
त्याला खालून उजेड लावून मी कधी बघणार नाही,
असं त्याला सांगितलंसुद्धा. मोठ्यानं.
आर्नल्दुर मुकादम मागे उभा होता.
तो मला तसाही पाण्यातच पाहतो.

मार्चमध्ये बोझेनाच्या आईची एक बाजू गेली.
दोन दिवसांत ती विमानात.
कपाटात तिचे रबरी बूट राहिले, अडतीस नंबरचे,
एकात अजून मोजा आहे.
फोन केला तर तिकडे आधी श्वास ऐकू यायचा,
मग, नंतर बोलू, म्हणायची.
मग मीच करेनाशी झाले.

खेळात मात्र तिची टाकी उघडीच होती.
दारावर पाटी: मालकीण येऊन एक्केचाळीस दिवस.
मैत्रिणीच्या टाकीत काही हलवता येत नाही,
विकता येत नाही, काच पुसता येत नाही.
फक्त खायला घालता येतं.
तर रोज, माझे झाले की तिचे.
तिच्या माशांची नावं पोलिश,
मला उच्चार जमत नाहीत,
मी सगळ्यांना 'ए बाळा' म्हणते.

काल पहाटे, म्हणजे मे महिन्यातली आमची पहाट,
जिच्याआधी रात्र नीट झालेलीच नसते,
मी दाणे टाकले आणि कुणी वर येईना.
कॉडसुद्धा नाही.
आधी वाटलं, फोन बिघडला.
मग वाटलं, आता इथेही मरायला लागले की काय.
चश्मा लावला.
बारीक अक्षरांत लिहिलं होतं: पोट भरलेलं आहे.
दगडाशी दोन दाणे तरंगत होते,
हिरवे. मी तांबडे वापरते.
वेळ चार वाजून दहा.
सुवाल्कीत तेव्हा सहा दहा,
आईला कुशीवर वळवून झाल्यावरची वेळ असेल.

निरोप नव्हता. मीही पाठवला नाही.

सातला एप्रन बांधला, दिवा लावला,
पहिला तुकडा उजेडावर पसरला.
आर्नल्दुर म्हणाला, आज काय, हसतेयस?
म्हटलं, काही नाही.
जेवलेत सगळे.