बोटभर

माझ्या हातात नारिंगी काठी, माणसाहून उंच.
दुसरी पेटवेच्या हातात.
मधे दहा यार्डांची साखळी.
बावीस हंगाम आम्ही दोघं ती घेऊन
मैदानाच्या कडेकडेनं पळतोय.
मापात पाप नको, एवढंच आमचं काम.
आणि टाळी वाजवायची नाही.
साखळी धरणाऱ्याला संघ नसतो.

जन्म टोलेडोतला. एकतीस वर्षं काचेच्या भट्टीवर.
बर्निस मला भेटली ती याच स्टेडियमच्या पायऱ्यांवर,
तिच्या चुलत्यानं माझ्या बुटात बीअर सांडली तेव्हा.
तरी रविवारी एक ते चार
मी कोणाचाच नाही.

नवा कोच आला जानेवारीत. डेन्टन मॅब्री. वय एकेचाळीस.
कुठल्याशा कॉलेजला सलग तीन वर्षं जिंकवून आलेला.
म्हणाला, पाया घालतोय.
ऑक्टोबर संपला तरी पायाच चालला होता.
आमचा न्हावी कात्री थांबवून म्हणाला,
एवढं खोल?
विहीर खणतोय की काय?

आमच्या हेल्मेटवर बगळा आहे.
दोन सामने हरलो तेव्हा लोक म्हणाले, दबा धरून उभा आहे.
सहा हरलो. म्हणाले, एका पायावर झोपलाय.
नवव्यानंतर बगळ्याचं नाव कोणी घेईना.
किराणा दुकानाच्या खाकी पिशव्या डोक्यात घालून
माणसं येऊन बसू लागली, डोळ्यांपुरती दोन भोकं.
एका पोराच्या पिशवीवर
त्याच्या आईनं लोकरीची टोपी घातली होती.
थंडी होती ना.

मॅब्रीला मी जवळून पाहिला, पाच-सहा पावलांवरून.
हातात थाळीएवढा कागद, रंगीत चौकटींचा, प्लॅस्टिकमधे घातलेला.
नोव्हेंबरात त्याचा कोपरा चावून चावून पांढरा पडला.
एकदा अख्खा डाव
तो कागद उलटा धरून उभा होता.
मी काही बोललो नाही.
साखळी धरणाऱ्याला संघ नसतो.

मग डिसेंबरचा शेवटचा रविवार.
जिंकलेले दोन, हरलेले चौदा.
तळ्यावरून वारा येत होता, बर्फ आडवा पडत होता,
खुर्च्या बहुतेक रिकाम्या.
चार गुण कमी, दीड मिनिट हाती, शेवटची संधी, हवं एक यार्ड.
कॅस्वेल नावाचा पोरगा,
वर्षभर ज्याचा खांदा पट्ट्यांनी बांधलेला,
डोकं खाली घालून घुसला.
वर माणसांचा ढीग. खाली कुठेतरी चेंडू.

पंचानं हात केला, आणा.
मी पळालो. त्रेसष्ट वर्षांचा गुडघा घेऊन.
एरवी मला कोणी पाहत नाही.
तेव्हा सगळे माझ्याकडेच पाहत होते,
पिशव्यांच्या भोकांतूनसुद्धा.

पेटवेनं त्याचं टोक रोवलं.
पुढची काठी माझी.
जराशी ढिली सोडली असती
तर काठी अलीकडे पडली असती. कोणाला कळलं असतं?
बर्फात हात थरथरतात. म्हाताऱ्याचे तर थरथरतातच.

मी ताणली.

बोटभर कमी.
पेटवेच्या बोटानं. माझं बोट मापाला चालत नाही,
अर्धं भट्टीनं घेतलं.

मॅब्री रेषा ओलांडून आत आला, पंच ओरडत असताना.
काठीशी गुडघा टेकून बसला,
चेंडू आणि काठी यांच्यातल्या फटीकडे पाहिलं,
बराच वेळ, जणू तिथे काहीतरी लिहिलंय.
मग उठला, गुडघ्यावरचा बर्फ झटकला,
मला म्हणाला, "चांगली ताणलीत."
वर्षभरात आमचं एवढंच बोलणं झालं.

सोमवारी सगळ्यांना वाटलं, आज याला काढणार.
त्याला ठेवलं.
पत्र आलं ते मला आणि पेटवेला:
पुढच्या हंगामापासून मोजायला कॅमेरे,
सेवेबद्दल आभार, सोबत एक टोपी.

रात्री बर्निसनं विचारलं, खरंच कमी होतं?
मी टेबलावर बोट ठेवून दाखवलं, एवढं.
ती त्या अर्ध्या बोटाकडे पाहत राहिली.
"एवढंच?" म्हणाली,
आणि सूप गरम करायला उठली.