उरलेली कबर

ग्रीनलंडच्या आमच्या बेटावर कबरी आधी खणतात.
सप्टेंबर सरायच्या आत,
माती अजून ऐकून घेते तोवर.
मग जमीन असे ओठ मिटते
की पहारीखालून ठिणगी निघते, ढेकूळ निघत नाही.

पाविआ दर साली दारात येऊन विचारायचा,
"कारालिने, यंदा किती?"

मी इथली उपदेशिका. पाळक येतात बोटीने, वर्षातून दोनदा;
उरलेले पन्नास रविवार माझ्या गळ्यात.
वचन वाचावं, बाळाच्या कपाळाला पाणी लावावं,
एवढं मला शिकवलं होतं.
हा हिशेब शिकवला नव्हता.
एकसष्ट माणसं गावात.
चौघांचा खोकला मला भिंतीपलीकडून ओळखू येतो.
मी खाली बघत म्हणायचे, "तीन."
तो चार खणायचा.
"एक रिकामी राहावी म्हणून," म्हणायचा,
आणि तंबाखूची चिमूट दाढेखाली धरायचा,
जणू विषय संपला.

आता थाबिथाचं सांगते. आणि एनोसचं.
वेगवेगळं सांगता येत नाही.
थाबिथा पेटी वाजवते. गुडघे गेले तिचे, भाता पायाने हलत नाही,
म्हणून शेजारी उकिडवा बसून एनोस भाता मारतो.
एका कुत्रीच्या पिलांवरून बिनसलं,
अकरा वर्षं दोघांत शब्द नाही.
एकदा दुसऱ्या कडव्यात तिने त्याच्याकडे असं काही पाहिलं
की त्याने हातच काढून घेतला.
पेटीला धाप लागली, आणि ती गप्प झाली.
आम्ही तसेच गात राहिलो, बेसूर, काही जण हसू दाबत.
चौथ्या कडव्याला हवा परत आली.
कुणी माफी मागितली नाही.
पण तेव्हापासून दर रविवारी सीलच्या रश्श्याचा एक डबा
त्याच्या उंबऱ्यावर असतो.

देवा, मी मागायला म्हणून गुडघे टेकते
आणि तोंडात यांचीच नावं येतात.
मागणं राहून जातं.
किती वेळा वाटलं, सोडावं हे सगळं:
फेब्रुवारी, वेदीवरचा द्राक्षारस गोठलेला,
बाकांवर सात जण, त्यातले दोन झोपलेले;
तेवढ्यात दार ढकलून कुणीतरी कोळशाची बादली आत आणायचं,
बूट आपटून बर्फ झटकायचं,
आणि मला पुढची ओळ सापडायची.

जूनमध्ये बर्फ हटला की आम्ही टेकाडावर जायचो,
उरलेल्या कबरीकडे.
तीच आमची आभाराची उपासना.
जो तो एकेक फावडं माती परत टाकायचा,
मुलंसुद्धा; थाबिथा काठीने ढकलायची.
भरून झाली की तिच्यावरच बसून कॉफी.
पाविआ पुटपुटत राहायचा.
मला वाटायचं, मरणाला टोमणे मारतोय.
एकदा जवळ जाऊन ऐकलं:
"वाया गेली मेहनत. वाया गेली रे देवा, वाया गेली,"
आणि हसता हसता डोळे पुसत होता.

गेल्या हिवाळ्यात चारही भरल्या.
चौथीत तो.
त्याच्याच हातची, बाजू अगदी सरळ.
वाऱ्यात माझं पुस्तक मिटलं, पाठ असलेलं विसरले;
थाबिथाने सूर धरला,
एनोसने खालचा धरला,
आणि मी दोघांच्या मध्ये उभी राहिले,
ओल्या काड्या दोन दगडांत लपवून ठेवाव्यात तशी.

आज एकोणतीस सप्टेंबर.
दारात एनोस, हातात पाविआची पहार.
मुठीला गुंडाळलेलं चामडं
अजून त्याच्या तळव्याच्या आकाराचं.
"किती?"
मी मोजते. पुन्हा मोजते, यंदा मला धरून.
"तीन."
मागून रस्त्यावरून थाबिथाचा आवाज,
माझ्याशी नाही, त्याच्याशी:
"चार खण."

एनोस वळून बघत नाही.
टोपी कानांवर ओढतो
आणि चढण चढू लागतो.