खोडरबर

नवा माणूस सोमवारी येणार आहे.
ऑफिसातून निरोप आला: स्वरलिपीच्या सगळ्या वह्या कोऱ्या करून ठेवा.
म्हणून मी तळघरात बसले आहे, तीन खोडरबर घेऊन,
आणि येरोनिम वाव्रांची एकतीस वर्षं
फुंकर मारून टेबलावरून खाली पाडते आहे.

ते आले तेव्हा ओस्त्रावात खाणी चालू होत्या.
पांढरा शर्ट मध्यंतरापर्यंतच पांढरा असायचा.
पहिल्या तालमीला त्यांनी छडी हातात घेतली,
शेजाऱ्याकडून उसनी आणल्यासारखी,
आणि म्हणाले, "मी इथे दोन वर्षं. फार तर तीन."
"सगळे असंच म्हणतात," टिंपनीमागून ओल्द्रिख.
खरं तर कुणीच म्हटलं नव्हतं. आधीचे सगळे
न सांगताच पळाले होते.

सुरुवातीची पेन्सिल कठीण, टोकदार,
कागद फाटेल एवढा जोर:
पळू नका.
पळू नका!
कुठे चाललात?
दुसऱ्या हॉर्नच्या, राडीमच्या ओळीवर जे लिहिलंय
ते सांगत नाही. ते मी सगळ्यात आधी खोडलं.
राडीम प्यायचा, हे खरं.
पण इतकंही नाही.

मग खाणी एकेक करून बंद पडल्या.
त्या हिवाळ्यात आम्ही कोट घालून वाजवलं.
तेव्हाची अक्षरं हातमोज्यातली, बोजड,
आणि एका समासात नुसताच हिशेब:
चेलोच्या तारा, चार संच, कुणाकडे मागायच्या.
तोही खोडला. मग थोडा वेळ काही सुचलं नाही.

शहरात एक टेकडी आहे, खाणीतल्या मातीची,
आतून अजून जळते, तिच्यावर बर्फ टिकत नाही.
रविवारी ते तिथे जायचे, एकटे,
बूट गरम होईपर्यंत उभे राहायचे.
सोमवारी पेन्सिल मऊ असायची.
पुढेपुढे तर आज्ञा संपतातच:
इथे थांबू या का?
श्वास.
घाई कसली.

शेवटच्या सहा वर्षांत मात्र एक शब्द
जागोजागी, बारीक, लपवल्यासारखा: ओठ.
पिकोलो जिथे जिथे एकटी शिरते तिथे, दर वेळी.
ओठ. ओठ.
मला आधी कळेचना.

आम्हाला माहीत होतं ना. चार वर्षांपूर्वी
तालमीत ब्लाझेनाच्या पिकोलोतून स्वरच फुटेना,
ती तशीच उभी, वाद्य ओठांशी, चेहरा लाल,
आणि वाव्रा तिच्याकडे बघून म्हणाले,
"सुंदर. पण जरा हळू."
कुणी हसलं नाही.
मध्यंतरात कॉफीच्या यंत्राशी, काही न बोलता, ठरलं:
यापुढे तिने शिरण्याआधी हनुवटी उचलायची,
त्यांना दिसेल इतकी, लोकांना नाही.
आणि त्यांना काही कळू द्यायचं नाही.
चार वर्षं आम्ही त्यांना सांभाळलं.

ब्लाझेनाला खाली बोलावलं. ती चहा घेऊन आली.
पानामागून पान पाहिलं तिने, चष्मा कपाळावर सरकवून.
पहिल्या "ओठ"खाली तारीख होती,
त्या तालमीच्या दोन हंगाम आधीची.

"म्हणजे ते 'जरा हळू'..."
तिने वाक्य पुरं केलं नाही.
चहा सांडला, तो चुकून कोऱ्या झालेल्या पानांवर.
आम्ही दोघी इतक्या हसलो
की वरून पहारेकरी विचारायला आला, बरं आहे ना?

सोमवारी नवा माणूस येईल.
कान तल्लख आहेत म्हणे त्याचे.
ब्लाझेना एक खोडरबर उचलून समोर बसली,
एक पान घासलं, दुसरं घेतलं,
आणि म्हणाली, हनुवटीची सवय मोडायला
जरा वेळ लागेल.