आधी कंदील

गणपती पेठेत चौगुल्यांच्या हळदीच्या दुकानावर
दहा बाय बाराची खोली.
तिथं बसून मी एकशे सात नावं सांभाळते.
माझं त्यात एकही नाही.
खालच्या सुकुमारशेठच्या पेढीचं,
मिरजेच्या बशीरभाई तंबोरेवाल्यांचं,
विश्रामबागच्या दातांच्या डॉक्टरांचं, ज्यांनी
एका दवाखान्यासाठी तीन डोमेन अडवून ठेवलीत,
नाहीतर सख्खा भाऊ घेईल.

प्रत्येक नावाला मुदत असते.
ती मी वहीत लिहायचे, लाल पेनानं.

मार्चात बेदाण्याचे सौदे ऐन भरात,
आणि तासगावच्या शिरोट्यांचं नाव रात्री संपलं.
सकाळी त्या जागी पाटी: हे नाव विकणे आहे.
शिरोटे ओरडले नाहीत.
फोनवर एवढंच म्हणाले,
"ताई, माझं नाव विकायला कुणी काढलं?"

नवव्या दिवशी परत मिळालं. दंड मी भरला.
वही मिटली.
आता यंत्रानं यंत्राला विचारावं, मुदत कधी,
पैसे भरावेत, पावती ठेवावी,
आणि मला झोपू द्यावं.

म्हणून रजिस्ट्रार शोधायला बसले.
पहिला म्हणाला, एपीआय आहे,
फक्त तुमचा कायमचा आयपी पत्ता कळवा.
इथं वीज गेली की पत्ता बदलतो.
दिवसातून चारदा मी त्याला अनोळखी.
दुसरा कशालाही '२००, ठीक' म्हणायचा.
नूतनीकरण झालं? ठीक.
खात्यात पैसे नाहीत? तेही ठीक.
जुन्या सौद्यात रुमालाखाली बोटं दाबत, तसं,
वर चेहरा हसरा, आकडा आत.
तिसऱ्याकडं किल्ली एकच:
दिवाणजीला कोठीपुरती द्यावी
तर तिजोरीही तिनंच उघडते.

रात्री दीड वाजता अण्णा आठवले.

अण्णा हरिपूरला हळदीची पेवं उघडायचे.
तोंड माणूस जेमतेम मावेल एवढं, पोट खोलीएवढं.
झाकण काढलं की लगेच उतरायचं नाही.
दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा.
विझला, तर आत हवा नाही.
मालक काठावर येरझाऱ्या घाली,
दर चढलाय, उतरा की!
अण्णा तंबाखू मळत बसायचे.
म्हणायचे, माल आत घेताना सगळीच पेवं चांगली.
बाहेर काढताना बघावं.

चौथ्याकडं मी एकशे नव्व्याण्णव रुपयांचं
कुणालाच नको असलेलं एक नाव घेतलं
आणि पहिलाच प्रश्न विचारला:
हे इथून न्यायचं कसं?
त्यानं सोडचिठ्ठीचा कोड दिला, सोळा अक्षरांचा,
आणि स्वतःहून सांगितलं,
नवं नाव साठ दिवस हलत नाही,
अमुक तारखेनंतर न्या.
मग मुद्दाम चुकले, दुसऱ्याच कुणाचं नाव मागितलं.
'हे नाव तुमचं नाही.'
इतकं सरळ
या पेठेत माझ्याशी क्वचितच कुणी बोललंय.
नुसती वाचणारी किल्ली मागितली.
मिळाली. तिनं खरंच फक्त वाचलं.

कंदील जळत होता.

नावामागं वर्षाला चाळीस रुपये जास्त.
सुकुमारशेठनी चष्मा वर करून विचारलं,
"चाळीस कसले गं?"
म्हटलं, "रॉकेलचे."
ते हरिपूरचेच. पुढं काही बोलले नाहीत,
चेकबुक काढलं.

अकरा रात्री लागल्या.
एकशे सहा नावं आली.
बशीरभाईंचं राहिलंय. ते कधीकाळी
भाच्यानं स्वतःच्या ईमेलवर घेतलं,
भाचा मस्कतला, फोन उचलत नाही,
मुदत बावीस दिवस.

बशीरभाई रोज येतात, जिना चढून, दम खात,
आणि स्क्रीनकडं बघत विचारतात,
"दिसतंय का आत काही?"