ओ

आई हाक मारते ती पार कोपऱ्यावरच्या
इस्त्रीवाल्याला ऐकू जाते.
अहो, पाणी गेलं! अहो, गॅसवाला!
बाबा एकतीस वर्षं मकरपुऱ्यात पत्र्याच्या प्रेसवर होते.
प्रेसनं त्यांचे कान ठेवून घेतले,
निवृत्तीला एक घड्याळ दिलं.
दांडिया बाजारात म्हणतात, चिटणीसकाकी भांडखोर.
मीही तेच धरून चालले होते.

त्या मे महिन्यात तिला थंडी वाजायला लागली.
बेचाळीस डिग्रीत शाल.
कंगव्यात केसांचे पुंजके.
डोकं ठणकायचं, आणि ताटाच्या कडेची
लोणच्याची फोड तिला दिसेनाशी झाली.

एमआरआयच्या काळ्या फिल्मवर
नाकामागे, हाडाच्या इवल्याशा खोगिरात
वाटाण्याएवढी असायची ती ग्रंथी
जांभळाएवढी होऊन
डोळ्यांच्या नसा वर ढकलत होती.
सर्जननी गुरुवार दिला.
बाबांना मी वहीत लिहून दाखवलं: गाठ.
त्यांनी तो शब्द बोटानं पुसून पाहिला.
बॉलपेननं लिहिला होता.

बुधवारी हेतल वसावा, डॉक्टर, माझ्याहून लहान,
रक्ताचा कागद हलवत आल्या.
गांठ नथी, मासी.
मग मोडक्या मराठीत मला सांगितलं:
ही वरून हाक मारते.
गळ्यातल्या थायरॉईडनं ओ द्यायची.
ओ आली की ही गप्प.
इथं ओ येतच नाहीये,
म्हणून ही अजून मोठ्यानं, अजून मोठ्यानं,
हाका मारायला नवीन नवीन पेशी,
हाका मारून मारूनच फुगलीये बिचारी.

मी बाबांकडे बघितलं.
ते पंख्याकडे बघत होते.

ऑपरेशन नाही. सकाळी उपाशीपोटी
एक पांढरी गोळी, मग तासभर चहा बंद.
आजारावर रागावली नाही आई,
तितकी त्या तासावर रागावली.
सहा महिन्यांनी दुसरी फिल्म:
खोगिरात परत वाटाणा, जवळजवळ.
कपाळावर नवे केस, तोकडे, उभे.
आणि लोणचं कमी वाढलंस म्हणून मला बोलणी.

रावपुऱ्यातून मी बाबांना कानाचं यंत्र आणलं.
त्यात म्हणे अख्खं बडोदं प्रेससारखं वाजतं.
ते आता देवघराच्या खणात, वातींच्या पुडीशेजारी.

पण पहाटे साडेपाचला
गोळी तळहातावर घेऊन, दुसऱ्या हातात पाण्याचा पेला,
ते तिच्या उशाशी उभे असतात
तिनं डोळे उघडायच्या आधीच.

ती तरी हाक मारतेच.
खाली इस्त्रीवाला कोळसे फुंकतो.